कंपनीमागचं तळं

रविवार, संध्याकाळ. महाळुंगे.

सुट्टी असूनही आज कंपनीच्या मागच्या खड्ड्यापाशी गेले. तो बुजवून तिथे ट्रक उभे करायचे आहेत आणि उद्या त्या मंजुरीच्या कागदावर माझी सही हवी आहे. महिन्यापूर्वी त्या खड्ड्याबद्दल मीच लिहून दिलं होतं, 'साचलेलं सांडपाणी'. जवळ जाऊन पाहिलं तरी होतं का मी? नाही. लांबूनच.

आज काठावर उभी राहिले तर पाण्याखालचा तळ स्वच्छ दिसत होता. कसलाही वास नाही. गावातल्या सखुबाई म्हशींना पाणी पाजत होत्या. मी विचारलं, "मावशी, हे पाणी कुठनं येतं?"

"आमचंच शेत व्हतं हितं. रस्त्यासाठी मुरूम खणून नेला. खाली कातळ लागला तवा सोडून गेले. मग पावसानं वरची काळी माती वाहून आली, तळाला बसली. आता पानी मुरत न्हाई."

म्हणजे निव्वळ पावसाचं पाणी, आणि मी त्याला सांडपाणी म्हटलं. तिथूनच मॅनेजरसाहेबांना फोन लावला आणि हे सांगितलं.

"तुम्हीच लिहिलं होतं ना?"

"हो सर. न बघता लिहिलं. चूक माझी आहे."

ते म्हणाले, "सही थांबवा. सकाळी मला दाखवा. ट्रकसाठी कंपनीच्या पुढची जागा आहे, बघू."

इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. सखुबाईंना म्हटलं, "उद्या साहेब येणार आहेत, तुम्हीच सांगा त्यांना."

"सांगंन की," त्या म्हणाल्या. "पर बूट काढून पान्यात या म्हनावं. लांबनं कळत न्हाई."