अविनाशच्या बोर्डाची शिट्टी

वसमत, ८ फेब्रु. २००४, रवि.
अविनाशचा पुण्याहून फोन. आधी आईशी: शुगर, गोळ्या, पाय. मग मी. कशी आहेस वगैरे काही न्हाई. "आपला बोर्ड शिट्टी मारून राहिला." आपला म्हणे. त्याच्या कंपनीचा रेग्युलेटर, बसच्या चोवीस व्होल्ट बॅटरीवरून बारा काढणारा. टेबलावर ठीक, बसमध्ये सकाळी, इंजिन सुरू व्हायच्या आधी, शिट्टी आणि आउटपुट थरथरतं. "कॉलेजच्या लॅबमध्ये बघ ना जरा."
नवऱ्याला बायको आठवायला बोर्ड बिघडावा लागतो.

१० फेब्रु.
सासूबाईंचं मांडीचं हाड मोडलं तेव्हा पुण्याची नोकरी सोडून आले. सहा महिन्यांसाठी. हे तिसरं वर्ष. तिथं डिझाइन करायचे, इथं डिप्लोमाच्या पोरांना ओहमचा नियम. असलं लिहायचं न्हाई, असं ठरवलं होतं.

१२ फेब्रु.
प्रॅक्टिकल संपल्यावर त्याचंच सर्किट जोडलं. अठ्ठावीस व्होल्ट दिले, गप्प. कमी करत आणले, बाविसाला शिट्टी. स्कोपच्या पडद्यावर एक पल्स रुंद, दुसरी अरुंद, परत रुंद. शिपाई कुलूप घेऊन आला तेव्हा लक्षात आलं, डबा उघडलाच न्हाई. किती दिवसांनी असं...

१५ फेब्रु., रवि.
फोनवर समजावलं. "हळू सांग, लिहून घेतो."
दोन लूप. बाहेरचा व्होल्टेज बघतो आणि कॉइलमधल्या करंटची हद्द ठरवतो. आतला फक्त करंट बघतो. घड्याळाच्या ठोक्याला स्विच चालू, करंट हद्दीला पोचला की बंद. पुढच्या ठोक्यापर्यंत करंट उतरतो. इंजिन चालू असताना बॅटरी अठ्ठावीसला, स्विच अर्ध्याहून कमी वेळ चालू, म्हणून ठीक. सकाळी बॅटरी उतरलेली, स्विच अर्ध्याच्या वर चालू. मग बारीकशी चूक दर ठोक्याला वाढत जाते. तीच शिट्टी.
"मग काय करू?"
"हद्द सपाट ठेवू नको. दर ठोक्यात तिला उतार दे."
"बराबर," म्हणाला, नि ठेवला.

४ मार्च
बोर्ड चालला. त्यानं आईला फोन करून सांगितलं. मी कॉलेजात होते.

१८ एप्रिल, रवि.
अ. दोन दिवसांसाठी आलाय. कंपनी जर्मनीला पाठवते, दोन वर्षं. त्या बोर्डामुळेच. सा.बाईंनी गल्लीत पेढे वाटले. मोंढ्याच्या बाजारात हळद भरून आलीय, पेढ्यांनाही तोच वास.
जेवताना विचारलं, "उतार कोणी सांगितला, ते बोललास का तिथं?"
"काहून? घरातलंच तर हाय."
"आणि मी?"
"तू इथं आहेस म्हणून तर मला जाता येतं."
सा.बाई ताटाकडे बघत होत्या. भात तसाच ठेवून उठल्या. मला वाटलं, माझ्यावर चिडल्या.

२० जून, रवि.
जर्मनीहून फोन. नवीन बोर्ड. भरपूर लोडला ठीक, लोड कमी केला की पल्स इकडेतिकडे उड्या मारतात. ऐकता ऐकताच कळलं: एवढ्याशा करंटचा सिग्नल बोर्डावरच्या विजेच्या गोंधळात बुडतो, आतला लूप फसतो. बोलले न्हाई. "पाहते," म्हटलं. "पुढच्या रविवारपर्यंत पाहा," म्हणाला. साहेबासारखा.
सा.बाईंनी विचारलं, "तुला येतंय का त्याचं उत्तर?"
"व्हय."

२७ जून, रवि.
आज त्याचा फोन येणार. सांगितलं तर परत तेच. न्हाई सांगितलं तर... मी कोण मग, हे तरी कुणाला माहीत आहे.
वाजला. मी समोरच, भाजी निवडत. सा.बाई काठी टेकत गेल्या, उचलला. तब्येतीचं बोलल्या. मग त्यानं मला मागितलं असावं.
"ती घरात न्हाई."
तिकडून काहीतरी.
"कवा येईल, मला सांगून न्हाई गेली."
ठेवला. माझ्याकडे न बघता परत आल्या, समोर बसल्या, अर्धी मेथी स्वतःकडे ओढली.