न उचललेल्या पुंगळ्या

प्रिय क्लेटन,

माझ्या कामाबद्दल तू कधी काही विचारलं नाहीस, तेव्हा आज तेच सांगते. बॉयसी शहरातल्या तुझ्या मित्रांना 'माझी बहीण भंगार विकते' एवढं सांगून तू विषय बदलतोस, हे मला माहीत आहे. भंगार निराळं रे. भंगार वितळवतात. मी विकते त्या झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्यांमध्ये माणसं पुन्हा दारू भरतात, वर गोळी बसवतात आणि गालाशी धरून बार काढतात. चिरलेली एक पुंगळी माझ्या नजरेतून सुटली, तर कुणाचा तरी डोळा जाईल. तुझ्या घरांच्या दलालीत चूक झाली तर काय जातं? गिऱ्हाइकाची झोप, फार तर.

बाबांच्या ट्रॅक्टरची शेड आता माझी आहे. नेमबाजीच्या मैदानांवरून पिंपं येतात, ती आम्ही लांब टेबलावर उपडी करतो. बाबा खुर्चीत बसून डाव्या हाताने लोहचुंबक फिरवतात आणि लोखंडी पुंगळ्या बाजूला काढतात. उजवा हात आजारपणानंतर मांडीवरच असतो. शेजारची बेव्ह आणि मी मापं वेगळी करतो, तोंडं तपासतो. मग लिंबाच्या सत्त्वाच्या पाण्यात धुणं, आणि ज्या जाळ्यांवर आई जर्दाळू पसरायची त्यांवर वाळवणं. शेवटी फिरत्या ड्रममध्ये मक्याच्या कणसांच्या भुशात घोळवल्या की त्या नव्यासारख्या दिसतात. दिवसभर ड्रमची घरघर चालते. बाबांना त्या आवाजात झोप छान लागते.

हिवाळ्यापासून नेमबाजीच्या एका मोठ्या क्लबाची पिंपंही आमच्याकडे येतात. तुझ्याच क्लबाची. तुला ठाऊक नव्हतं ना? कसं असेल, तिथलं झाडलेलं कुठे जातं ते तू कशाला विचारशील! त्या पिंपांत पितळाबरोबर सिगारची थोटकं निघतात, कातडी हातमोजा निघतो, एकदा तर एक न झाडलेलं, भरलेलं काडतूस निघालं, ते आमच्या ड्रममध्ये गेलं असतं म्हणजे कळलं असतं. पितळ मात्र असं, की एकदाच वापरलेलं. बेव्ह म्हणते, "या लोकांच्या कमरा एकाच सुताराने केल्यात वाटतं. बिजागरी बसवायला विसरला." आम्ही तुम्हा सगळ्यांना खूप हसतो, क्लेटन. इतकं महागडं हत्यार घेऊन उभं राहायचं आणि पायाशी पडलेलं उचलायला नोकर लागतो.

आपण लहान असताना बाबा नेम धरण्याआधी शेजारी जुनी ताडपत्री अंथरायचे. पुंगळी तिच्यावर पडायची, आणि आपण ती गरम असतानाच उचलायचो. बोटं भाजायची. जेवणाच्या टेबलावर ताट उचलणं आणि मैदानात पुंगळी उचलणं यांत आपल्या घरात फरक नव्हता. तू तेव्हाही 'माझ्या वाटच्या ग्वेन उचलेल' म्हणायचास.

गेल्या शरद ऋतूत बाबांची ती जुनी रायफल कपाटातून गेली, सोबत त्यांनी स्वतः भरलेल्या काडतुसांची पेटीही. बाबांनी कपाट उघडलं तेव्हा तू नेमका घरी होतास. कुणी काही विचारायच्या आत तू बाबांची शुश्रूषा करणाऱ्या ओफेलियाचं नाव घेतलंस. आठवतं? ती तेव्हा बाबांची दाढी करायला गरम पाणी आणत होती. बाबा म्हणाले, "माझ्या खिशातली चिल्लर धुण्याआधी काढून खिडकीत मांडून ठेवते ती बाई. ती रायफल नेईल?" तू त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, की ही माणसं अशीच विश्वास कमावतात, तुम्ही भोळे आहात. मी स्वयंपाकघरात तुझ्याशी भांडले, तर तू हसलास. "ग्वेन, तू पितळ घास. माणसं मी ओळखतो." आणि संध्याकाळच्या आत शेरीफकडे तिच्या नावाने तक्रार देऊन आलास.

तिच्याकडे काही सापडलं नाही. पण जिच्यावर चोरीचा संशय आहे, तिला आजाऱ्यांच्या घरी कोण पाठवणार? ती आता कांद्याच्या गोदामात सरकत्या पट्ट्याशी उभी राहून सडके कांदे वेचते. बाबांनी तिच्या जागी आलेल्या दोघींना वस्तरा हातात घेऊ दिला नाही. त्यांची दाढी आता छातीवर आली आहे.

मागच्या आठवड्यात तुझ्या क्लबाचं पिंप उपडं केलं. चकचकीत नव्या मापांत काही जुन्या मापाच्या पुंगळ्या दिसल्या, म्हणून एक उचलली. अंगठा फिरवला आणि जागीच थांबले. तुला आठवत नसेल, म्हणून सांगते. बाबांनी एकदा ती रायफल साफ करताना गज चुकीचा घातला आणि आत, काडतूस बसतं तिथेच, ओरखडा पडला. तेव्हापासून तिच्यातून निघालेल्या प्रत्येक पुंगळीच्या अंगावर केसाएवढी उभी रेघ उठते. डोळ्यांना दिसत नाही, नखाला लागते. लहानपणापासून मी त्या पुंगळ्या घासत आले आहे. शेडमध्ये बाबांचा जुना डबा आहे, त्यातल्या काढून शेजारी ठेवल्या. तीच रेघ, त्याच जागी.

तरीही मी थांबले. कदाचित दुसऱ्या कुणी विकत घेतली असेल, असं स्वतःला समजावलं. रिकामी पिंपं परत करताना तिथल्या राखणदाराला सहज विचारलं, तर आपलं आडनाव ओळखून तो बिचारा खुशीत सांगू लागला. म्हणाला, तुमच्या भावाची ती लाकडी रायफल बघायला सगळे जमतात, वडिलांनी प्रेमाने दिली म्हणून सांगतात ते. प्रेमाने! मागितली असतीस तर बाबांनी खरंच दिली असती. मिरवायलाच हवी होती तर मागायची होतीस. आणि त्या दिवशी कपाटासमोर 'मी नेली' हे दोन शब्द तुला जमले नाहीत, त्यांच्यापेक्षा एका बाईची भाकरी काढून घेणं सोपं वाटलं.

मी पुंगळी बाबांच्या डाव्या हातात दिली आणि कुठून आली ते सांगितलं. त्यांनी बराच वेळ नख फिरवलं. मला वाटलं, रडतील किंवा तुला शिव्या देतील. त्यांनी इतकंच विचारलं, "खालीच टाकली होती?"

मी हो म्हटलं. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि पुन्हा लोहचुंबक हातात घेतला. थोड्या वेळाने म्हणाले, "ओफेलियाकडे घेऊन चल. असाच येतो, या दाढीसकट."

आता हे पत्र का, ते. हे मी तुझ्यासाठी लिहिलेलं नाही, क्लेटन. तुझ्याशी बोलण्यासारखं माझ्याकडे फार उरलेलं नाही. उद्या सकाळी बाबांना घेऊन मी ओफेलियाच्या घरी जाणार आहे, आणि हे पत्र उघड्या पाकिटात तिच्या हातात देणार आहे. सोबत त्या पुंगळ्या, न धुतलेल्या, तुझ्या क्लबाच्या मातीसकट, आणि जुळवायला बाबांच्या डब्यातल्या. हे शेरीफकडे न्यायचं की तुला टपालाने पाठवायचं, ते ती ठरवेल. मी एक शब्द सांगणार नाही. तेव्हा हे तुला शेरीफच्या माणसाने दाखवलं, तर ते न्यायाचं झालं. आणि टपालाने आलं असेल, तर तू स्वतः शेरीफकडे जाऊन खरं सांगावंस म्हणून तिने तुला वेळ दिला आहे. पाकिटावरचं तिकीट नीट बघ. ते तिने लावलं असेल. मी लावलं नसतं.

तुझीच, कारण ते मला निवडता आलं नाही,
ग्वेन