डाव्या पेटीतल्या माश्या

रविवार, २ फेब्रुवारी

मधमाश्या आल्या एकदाच्या. जाळीची दोन खोकी, एकेकात किलोभर. दोन्ही राण्या वेगळ्या, काडेपेटीएवढ्या डबीत, डबीच्या तोंडाला साखरेचा बोळा. डाळिंबाच्या कडेला पेट्या शेजारीशेजारी मांडल्या. उजवी माझी, डावी आमच्या हिची, कस्तुराबाईची. आठ महिने मागं लागली होती बाई, "मला बी माजी एक पायजे की."

सकाळचा गारठा. राण्यांना ऊब हवी म्हणून डब्या बंडीच्या खिशात ठेवल्या. माश्यांवर साखरेचा पाक शिंपडून त्या उजव्या पेटीत ओतल्या, डबी चौकटींमध्ये टांगली, झाकलं. तेवढ्यात ही नारळ-ऊद घेऊन हजर. "माज्या पेटीला पूजेबिगर हात लावायचा न्हाय. आन् ती पाकानं बरबटलेली बंडी आदी बदला." बदलली. करतो काय! उदाचा धूर असा केला की मलाच ठसका लागला. मग घाईघाईनं डाव्या पेटीत माश्या ओतल्या, झाकण लावलं.

आता चार दिवस उघडायचं नाही. माश्या बोळा खाऊन राणीला बाहेर काढतात. पुस्तकात तसंच आहे.

सोमवार, ३

हिच्या पेटीतल्या माश्या माझ्या पेटीत निघाल्यात! स्वतःचं घर सोडून शेजारी. दिवसभर बघतोय. डोकं उठलं.

मंगळवार, ४

डावीकडं मूठभर उरल्या. उदाचंच काम, दुसरं काय. बोललो हिला. जरा जास्तच बोललो— "तुझ्या धुरानं तुझीच पेटी उठवलीस."

"देवाचा धूर बाधतोय, आन् तुमची विडी चालती व्हय?"

आणि जाहीर केलं, आजपासून तुमचे कपडे तुमी धुवा. धुवू की. त्यात काय अवघड आहे.

बुधवार, ५

भाकरी ताटात आदळते, एवढाच आवाज.

गुरुवार, ६

सकाळच्या गाडीनं बार्शीला गेली, सुकन्याकडं. "लेकीकडं तरी कुनी धूर काडत न्हाय." जाताना डाव्या पेटीपाशी थांबली, पदरानं झाकण पुसलं. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

उजवी उघडली. राणी सुटलेली, नुसती गजबज. डावी उघडली नाही. रिकाम्या घरात काय बघायचं?

शुक्रवार, ७

शेजारचा चनबसप्पा बांधावरून विचारतो, "काका, काकू बी गेली, माशा बी गेल्या. तुमी काय चावता काय?"

हसलो नाही. चहात साखर टाकायची राहिली, तो तसाच प्यालो.

शनिवार, ८

अंगात घालायला बंडी उरली नाही. धुवायला बसलो. रविवारच्या बंडीच्या खिशात काहीतरी टणक लागलं.

डबी. डाव्या पेटीची राणी, टाकायचीच राहिलेली. राणीविना माश्या थांबतील कशाला? तिच्या सोबतीच्या माश्या मेलेल्या. ती तेवढी जाळीवर चालतेय.

सुकन्याला फोन लावला. म्हणालो, आईला दे. कस्तुरा, पूजा परत घालायची आहे. येताना ऊद आण. बंडी धुऊन ठेवतो.