दादांच्या हयातीत काढलेली मिशी

ती. पद्मजाआत्यास, अभिरामचा वाकून नमस्कार.

नागपूरच्या थंडीत गुडघे काय म्हणतात? इकडे इंदूरला सगळे खुशाल. सगळे म्हणजे दादासुद्धा. हे मुद्दाम लिहितो, कारण शेजारच्या रमाकाकूंचा फोन येताच तू डोक्यावरून आंघोळ केलीस असं कळलं. (सर्दी झाली असेल तर तीही माझ्यामुळेच.) तेव्हापासून तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

झालं असं, की मी डायव्हिंग शिकतो आहे. इंदूरला समुद्र नाही, हे मला ठाऊक आहे; प्रत्येक फोनवर तू ते सांगतेस. पण सांवेरकडे पाणी भरलेल्या खदानी आहेत, पावसाळ्यात तिथे काही पडलं तर शोधायला माणसं लागतात आणि ते काम करणाऱ्या आमच्या मंडळाला पोट सुटलेला बँकवालाही चालतो. त्यातली वरची पायरी म्हणजे टेक्निकल डायव्हिंग. अंगावर दोन-तीन टाक्या बांधून खोल जायचं आणि पाण्यातच एकीची हवा सोडून दुसरीची घ्यायची. त्यासाठी आख्खा चेहरा झाकणारा मास्क असतो. भोवळ आली तरी तोंडातून नळी सुटायची भीती नाही. शिवाय आत माइक असतो, पाण्याखालून बोलता येतं आणि वरच्यांचं कानात ऐकू येतं. इंदूरच्या माणसाला आणखी काय हवं?

अडचण मिशीची झाली. पणजोबांच्या दरबारी नोकरीपासून आपल्याकडे चालत आलेली, कल्ल्यांना जाऊन मिळणारी ती मिशी मास्कच्या रबराखाली येई आणि पाणी आत शिरे. शिकवणारा निशांत म्हणाला, "भिया, मिशी ठेवा नाहीतर मास्क ठेवा, दोनों साथ में नहीं बैठेंगे." मी त्याच आवेशात घरी जाऊन सफाचट केली. बाप हयात असताना मिशी काढत नाहीत, हे मला आठवलं तेव्हा तोंड पुसून झालं होतं.

सकाळी दूध आणायला गेलो. रमाकाकूंनी माझ्या ओठाकडे पाहिलं, डोळ्यांना पदर लावला आणि तशाच परत फिरल्या. दुपारी पिठलं-भात घेऊन दारात. (सुतकाच्या घरी चूल पेटत नाही ना.) दार दादांनी उघडलं. "हे कुणाचं?" त्यांनी विचारलं. काकू कशाबशा म्हणाल्या, "तुमचंच." दादा पोटभर जेवले, पिठल्यात मीठ कमी आहे म्हणाले, मग मला बोलावून माझा चेहरा नीट पाहिला आणि त्या घटकेपासून माझ्याशी बोलणं सोडलं.

आत्या, हसू नकोस. ते ओरडले असते तर मी ऐकून घेतलं असतं. पण मी समोर बसलेला असताना ते संहिताला सांगत, "त्याला म्हणावं, चहा थंड होतोय." बायकोमार्फत वडिलांचा चहा पिणं फार जड जातं गं.

रविवारी ते स्विमिंग पूलवर आले, मी मिशी कशापायी घालवली ते पाहायला. मी तळाशी टाकी बदलत होतो. झडप अर्धवटच उघडली, श्वास जड झाला आणि घाबरून मी बरळलो, "दादा, चुकलो हो! वर आलो की बोला माझ्याशी!" मला वाटलं माइक बंद आहे. काठावरच्या स्पीकरमधून सगळ्या पूलने ते ऐकलं. मग माझ्या कानात दादांचा आवाज आला, "बडबड बंद कर, हवा संपेल. आणि झडप पूर्ण फिरव, गाढवा." (काय करायचं ते सांगत होता निशांत, पण काठावरचा माइक दादांनी त्याच्या हातातून काढून घेतला होता.) फिरवली. हवा आली. गाढव हा शब्द इतका गोड मला कधीच लागला नव्हता.

तुझा,
अभिराम

ता. क. – निशांत आता म्हणतो, नुसती टोकं कापली असती तरी भागलं असतं. ओठावरची मिशी मास्कच्या आत आरामात मावते.

ता. क. – पत्राचं खरं कारण. दादा आता दर रविवारी माइक धरून बसतात. मी तळाशी असताना सोयाबीनचे भाव सांगतात आणि मला पळून जाता येत नाही. त्यांना महिनाभर नागपूरला बोलावून घे. मी सुचवलं हे कळू देऊ नकोस.

पद्मे, पत्र टपालात टाकायला या शहाण्याने माझ्याच हातात दिलं. मी येत नाही. तो पाण्यात असताना वर त्याच्याशी बोलणारं कुणीतरी हवं.
तुझा हयात भाऊ,
पंढरीनाथ