पांढऱ्या दोऱ्याचे कार्ड

मी, शस्त्रक्रियागृहाची मुख्य परिचारिका, वय वर्षे अठ्ठावन्न, पाठीमागे ‘कडक सिस्टर’ म्हणून ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. दबाव कोणाचा नाही. आहे तो पोटातल्या गाठीचा, आणि ती काही माझी वारस नव्हे.

लिहिण्यास कारण की, साथ आल्यापासून आमच्या पाचपैकी चार शस्त्रक्रियागृहांत श्वासाच्या यंत्रांवरचे रुग्ण आहेत. उरलेल्या एकात कोणाला आधी घ्यायचे याची यादी मी ठेवते. प्रत्येकाचे एक कार्ड. थांबू शकतो त्याला पांढरा दोरा, थांबू शकत नाही त्याला लाल. तारीख मिळाली की चौदा दिवस आपल्या घरीच एका खोलीत एकटे राहायचे. खाटा कमी पडल्या की पांढऱ्यांची तारीख रद्द, आणि चौदा दिवस पुन्हा पहिल्यापासून. माझ्या कार्डाला पांढरा दोरा आहे. हा माझा तिसरा कोंडवास. खिडकीला गज, गजांपलीकडे हातभर बोळ, मग भिंत. जीव नुसता गुदमरतो.

कलम १. राहते घर आणि बँकेतली शिल्लक भाचीला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीला. या मागच्या खोलीची खिडकी तिने आधी मोठी करून घ्यावी. सुताराच्या ‘उद्या येतो’वर विसंबू नये, तो तीन वर्षे येतोच आहे.

कलम २. माझ्या भावाला काही नाही. साथ सुरू झाली तेव्हा “तू दवाखान्यातली, वर येऊ नकोस,” म्हणून त्याने मला जिन्यातूनच परत पाठवले. बाहेर धो धो पाऊस होता. त्याला माझी छत्री द्यावी.

कलम ३. माझी कात्री आणि चिमटा नव्या सिस्टरला. डॉक्टर कितीही घाई करोत, पोट शिवण्याआधी ती कापडाच्या घड्या मोठ्याने मोजते, एखादी आत राहू नये म्हणून. पोरगी माझ्यासारखीच खडूस होणार, देव तिचे भले करो.

कलम ४. कार्डांची पेटी. ती सध्या माझ्या उशाशी आहे, कारण यादी मी इथूनच फोनवर सांगते. पांढऱ्यांपैकी सात जण थांबता थांबता गेले. त्यांची कार्डे काढायला माझा हात धजत नाही. त्यात माझ्या धाकट्या बहिणीचेही आहे. तिची पित्ताची नळी अडलेली, अंगात ताप, नियमाने लाल. पण ‘सिस्टरने बहिणीला पुढे घुसवले’ असे लोक म्हणतील, या भीतीने मी पांढरा बांधला. नवव्या दिवशी ती गेली. चूक साथीची नाही, माझी आहे. मेहुणे तेव्हापासून माझ्याशी चकार शब्द बोललेले नाहीत, आणि त्यांचे बरोबर आहे.

कलम ५. माझी तारीख येईल तेव्हा मी नसले, तर नंबर वारसाला जात नाही. पुढचे कार्ड शिवणकाम करणाऱ्या बाईंचे आहे, त्यांना कळवावे.

इथवर लिहून झाल्यावर साक्षीसाठी मोठे डॉक्टर आणि मेहुणे खिडकीबाहेर येऊन उभे राहिले. मी सगळे वाचून दाखवले. डॉक्टर भडकले.

“सिस्टर, तुमचं आतडं बंद व्हायला आलंय! लाल दोरा बांधा म्हणून महिनाभर ओरडतोय मी.”

“बहिणीला पांढरा आणि मला लाल? कोणत्या तोंडानं बांधू?”

मेहुणे गज धरून उभे होते. चौदा महिन्यांनी बोलले.

“ताई, तेव्हा लोकांना भिऊन खोटा दोरा बांधलात. आता मला भिऊन पुन्हा तसाच बांधू नका. पोरीची आई गेली. मावशी तरी राहू द्या.”

मी ढसाढसा रडले. हेही लिहून ठेवते.

कलम ६. सही करण्याआधी माझ्या कार्डाचा पांढरा दोरा सोडून मी लाल बांधला आहे. खालची सही वाकडी आली, तरी ती माझीच समजावी.

ठिकाण: मागची खोली, दार बाहेरून बंद.
दिनांक: तिसऱ्या कोंडवासाचा अकरावा दिवस.

सही: कडक सिस्टर

साक्षीदार: १. मोठे डॉक्टर. २. धाकटीचे यजमान.
सही आमच्या डोळ्यांदेखत झाली. दोराही आमच्या डोळ्यांदेखत बांधला.