गुरुजींच्या घरची कुऱ्हाड

२ ऑक्टोबर १९६४, शुक्रवार

शाळेत जयंती झाली. बायकांसाठी सतरंजी टाकली होती म्हणून मी आणि शेजारची सोनाबाई माळीण, दोघी गेलो. भाषण ह्यांचंच. विषय श्रमप्रतिष्ठा. बोलतात चांगलं, आवाज खणखणीत. शेवटी म्हणाले, "मुलांनो, मी गुरुजी असलो तरी रोज सकाळी घरची लाकडं स्वतःच्या हातानं फोडतो. मला त्यात कमीपणा वाटत नाही."

टाळ्या.

सोनाबाईनं माझ्या मांडीला असा चिमटा घेतला की वळ उठला. मी सतरंजीचे पट्टे मोजत बसले. सहा वर्षं झाली. ह्यांना दमा लागला तेव्हापासून कुऱ्हाडीला हात नाही लावला माणसानं. परसात काठ्यांच्या कुडाआड रोज मी फोडते. कुडापलीकडं फक्त आवाज जातो. आवाजाला काय, बाईचा का बाप्याचा, कोणाला कळते!

घरी येऊन विचारलं, "हे काऊन सांगितलं?"

"उदाहरण म्हणून सांगितलं. मुलांच्या मनावर ठसते."

आणि चहा मागितला.

३ ऑक्टो.

रात्रभर उजवा खांदा ठणकला. सकाळी वेणी घालाले हात वर जाईना. सोनाबाईला हाक मारली, तिनं घालून दिली. म्हणाली, "वहिनी, ती कुऱ्हाड तुमच्या सासऱ्याची. रेड्यासारखा माणूस होता. तुमच्या अंगात काय आहे? हलकी घ्या एखादी."

सहा वर्षांत हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? जुनी कुऱ्हाड तीन शेरांच्या वर आहे. दांडा बाभळीचा, जाड, माझी मूठ पुरी बसत नाही त्यावर.

५ ऑक्टो.

महादू लोहाराकडं गेले. "हलकी कुऱ्हाड पाहिजे, घरी लाकडं फोडाले."

"कोणासाठी?"

माझ्या तोंडून निघालं, "गुरुजीसाठी."

का निघालं? त्याचाच राग येऊन राह्यला आता. मीच ह्यांचं खोटं पाठीवर घेऊन गावभर फिरते.

महादू हसला. "काय म्हणता वहिनी! गुरुजीले हलकी? रोज फोडणाऱ्या माणसाले जडच पायजे, वजनानंच लाकूड फुटते. त्याईलेच पाठवा. हातात धरून पाहा लागते."

"मी पाहते धरून."

"तुमाले विळा देतो चांगला."

तिथं दोघं-तिघं बसले होते, तेही हसले. मी तशीच परत फिरले. विळा! माझ्या हाताचे घट्टे त्याच्या हातापेक्षा कमी नसतील.

६ ऑक्टो.

महादूनं ह्यांना रस्त्यात सांगितलंच. शाळेतून आले ते कपाळाला आठ्या घालून.

"तू लोहाराकडं गेली होतीस?"

"गेली होती."

"हलकी कुऱ्हाड मागितली माझ्या नावानं? लोक काय म्हणतील? गुरुजी थकले म्हणतील."

म्हणलं, माझा खांदा थकला त्याचं काय? तर म्हणे थोडे दिवस कपाशीच्या पऱ्हाट्या जाळ. अहो, नवी पऱ्हाटी अजून वावरात उभी आहे, कापूस वेचला जायचा आहे! गुरुजीच्या घरात राहून एवढं मला कळते आणि ह्यांना कळत नाही.

रागात मले शुद्ध लिहिता येत नाही. येऊ नाही तर नाही.

९ ऑक्टो.

धामणगावला दवाखान्यात गेलो, हे सोबत. डॉक्टरांनी खांदा दाबून पाहिला. "जड काम काय करता?"

मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे भिंतीवरचा देवीच्या लशीचा कागद वाचत होते.

मी म्हटलं, "काही नाही. घरचंच."

"मग महिनाभर घरचंच बंद ठेवा," डॉक्टर म्हणाले, आणि चोळायला तेल दिलं.

परत येताना यष्टीत हे खिडकीशी बसले. उतरताना माझ्या हातातली पिशवी तेवढी घेतली. पिशवीत काय होतं, तेलाची बाटली!

११ ऑक्टो., रविवार

आज धामणगावचा बाजार. सोनाबाई वांगी-मिरच्या घेऊन गेली, तिच्या गाडीत मीही बसले. ह्यांना सांगितलं, मीठ-मसाला आणते. परसात पडलेला नांगराचा मोडका फाळ गोणपाटात गुंडाळून घेतला.

बाजाराच्या कडेला घिसाड्यांची, त्या फिरत्या लोहारांची, पालं होती. एक बाई घण मारत होती, नवरा सांडशीनं लोखंड धरून बसलेला. बाई पन्नाशीची असेल. घण वर गेला की खाली पडेपर्यंत तिचा चेहरा हलत नव्हता. मी किती वेळ पाहत उभी राहिले.

"काय पायजे, बाई?"

"हलकी कुऱ्हाड."

"कोणाले?"

"मले."

असं सरळ म्हटलं आणि छातीतून काही उतरल्यासारखं झालं. तिनं घण ठेवला, माझा हात धरून उलटा केला, घट्टे पाहिले. नाव विचारलं तर म्हणाली चंपा. मग विचारलं, "फोडायची का तोडायची?"

आजवर हे मला कोणी विचारलं नव्हतं. लोहारानं नाही, ह्यांनी नाही.

"फोडायची. बाभूळ जास्ती, कधी निंब."

"मंग पातळ पात्याची घेऊ नको. ती रुतून बसते, काढता काढता खांदा जाते. फोडाले पोट जाड पायजे." तीन कुऱ्हाडी पुढं टाकल्या. पहिली इतकी हलकी की मी खूश झाले. चंपा म्हणाली, "हे घेशील तर एका ओंडक्याले वीस घाव घालशील. हलकी म्हणजे पोरखेळ नाही." ओंडका पुढं लोटला. खरंच, पातं उडून परत आलं. दुसरी बरी होती, पण दांडा आखूड, वाकावं लागे. तिसरी पावणेदोन शेराच्या आसपास, पोट जाड, दांडा लांब आणि मुठीत मावणारा. चंपानं मला दांड्याचं टोक धरून हात पुढं ताठ करायला लावला आणि विचारलं, "थरथरते का?" थरथरला नाही. डाव्या हातावर जोर ठेवून मारून पाहिली. खांदा दुखला, पण ओंडका दोन घावांत उकलला.

चंपाचा नवरा म्हणाला, "घरच्या माणसाले इचारलं का?" चंपा त्याच्यावर खेकसली, "फोडते कोण, ती का तिचा माणूस?"

फाळ दिला, वर थोडे पैसे. कुऱ्हाड मांडीवर घेऊन गाडीत बसले. सोनाबाई वाटभर हसत होती. मीही.

१२ ऑक्टो.

नवी कुऱ्हाड ह्यांनी पाहिली. हात लावला नाही. "आणलीसच?"

"आणलीच."

"कुडाआडच ठेव."

कुडाआडच राहते ती, आणि मीही. पण डॉक्टरनं महिनाभर बंद म्हटलं, ते ह्यांच्या कानावर पडलं नव्हतं का? बंद ठेवलं तर चुलीत काय घालू, ह्यांचं भाषण?

१५ ऑक्टो., दसरा

सकाळी हत्यारांची पूजा. ह्यांनी विळा, भाजी चिरायची पावशी, आणि सासऱ्यांची जुनी कुऱ्हाड पाटावर मांडली. हळद, कुंकू, झेंडूचं फूल. डोळे मिटून नमस्कार. वर्षभर हात लावायचा नाही आणि आज फूल वाहायचं!

मी परसातून नवी आणली आणि जुनीच्या शेजारी ठेवली. हे म्हणाले, "ती कशाला?"

"हिनं आजचा पुरणाचा स्वयंपाक केला."

ह्यांनी जुनीवरचं फूल नीट केलं. नवीला कुंकू लावलं नाही. मीच लावलं.

१९ ऑक्टो.

वाऱ्यानं शाळेमागची बाभूळ पडली. सरपंच संध्याकाळी घरी आले, ओट्यावर बसले. "गुरुजी, गुरुवारी श्रमदान ठेवू. पोरं येतील, गाव येईल. बाभूळ फोडून शाळेत पोराईचा भात शिजवाले लाकूड होईल. पहिले घाव तुमचे. तुमचा रोजचाच हात आहे."

मी आतून चहा घेऊन आले होते. हे चहाकडं पाहत म्हणाले, "हो, हो. त्यात काय!"

दारातच उभी राहिले मी. आता तरी म्हणा, दमा आहे म्हणा. दमा असणं पाप आहे का? माणसाला "नाही" म्हणता येत नाही आणि पोरांना खरं बोला शिकवतो!

२२ ऑक्टो., गुरुवार

हे लिहिणं अवघड आहे.

सकाळी आंघोळ करून, स्वच्छ धोतर नेसून हे परसात आले. मी भांडी घासत होते. नव्या कुऱ्हाडीजवळ उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "ती नवी देतेस का?"

मला एवढंच करायचं होतं की उठायचं आणि द्यायची. पण वीस दिवसांचा राग उफाळला. म्हटलं, "गुरुजीच्या हातात हलकी कुऱ्हाड? लोक काय म्हणतील!"

ह्यांनी मान खाली घातली. जुनी खांद्यावर टाकून गेले.

मी मागून गेले, बायकांत उभी राहिले. सगळं गाव होतं. पहिला घाव लागला. दुसरा तिरपा गेला. तिसऱ्याला कुऱ्हाड वर गेली आणि तिथंच राहिली, मग हातातून निसटली. हे गुडघ्यावर बसले. श्वास आत जाईना. तोंड काळंनिळं. मी गर्दी ढकलत गेले, डोकं मांडीवर घेतलं, पाठ चोळली. किती वेळ गेला माहीत नाही. श्वास आला.

सरपंच उभे राहून काय बोलले, ऐका. "पोराहो, पाहून घ्या. अंगात दमा असून गुरुजी रोज लाकडं फोडत होते आणि कोणाले कळू दिलं नाही. याले म्हणतात श्रम!"

टाळ्या. पुन्हा टाळ्या.

मी मांडीवरच्या तोंडाकडं पाहिलं. डोळे उघडे होते. सगळं ऐकत होते. बोलले नाहीत. श्वास नव्हता म्हणून बोलले नाहीत, असं मी आज धरून चालते.

२४ ऑक्टो.

दोन दिवस अंथरुणावर. गावातून कोणी दूध आणते, कोणी अंडी आणते. जो येतो तो मले सांगते, "वहिनी, तुमी काऊन त्याईले लाकडं फोडू देल्ली? बाईमाणसानं ध्यान ठेवा लागते!"

हे माझ्यावरच आलं! खांदा माझा, घट्टे माझे, आणि बोल पण मलेच!

सोनाबाई ओट्यावर होती, तिचं तोंड उघडलंच होतं. मी तिला डोळ्यांनी दाबलं. का दाबलं? मी कुऱ्हाड दिली नाही ते मला माहीत आहे, म्हणून. दिली असती तर कदाचित हे पडले नसते. तो घास गिळवत नाही आणि टाकताही येत नाही.

२६ ऑक्टो.

हे उठून बसले. पेज प्याले. म्हणाले, "तू त्या दिवशी दिली नाहीस, बरं केलंस."

"बरं नाही केलं."

"मी मागायला नको होती. मी सरपंचाला नाही म्हणायला पाहिजे होतं."

पहिल्यांदा. सहा वर्षांत पहिल्यांदा. मी पेजेत मीठ कमी होतं ते घालून आणलं.

२८ ऑक्टो.

वाटलं होतं मिटलं. कुठलं!

आज शाळेत ह्यांचा सत्कार. शाल, नारळ, आणि गावाकडून भेट. भेट काय? कुऱ्हाड! महादूनं खास घडवलेली, चार शेराची तरी असेल. दांड्याला लाल रंग, त्यावर पांढऱ्या अक्षरांत "श्रमवीर गुरुजी". दमेकऱ्याला चार शेराची कुऱ्हाड! गावात एकाला तरी अक्कल आहे का?

हे उभे राहिले. मला वाटलं आता सांगतील. माझ्याकडं पाहिलंही. मग म्हणाले, "मी या मानाला पात्र नाही." लोकांना वाटलं नम्रपणा. टाळ्या. हे खाली बसले.

एवढंच बोलायचं होतं का? अजून एक वाक्य, फक्त एक.

घरी आल्यावर कुऱ्हाड भिंतीला टेकवून ठेवली. "हिचं काय करू?"

म्हटलं, "तुमचं बक्षीस, तुम्ही चालवा. मी हात लावणार नाही. आणि ऐका, उद्यापासून परसाचं कूड काढून टाकते. मी फोडते ते रस्त्यावरून दिसू द्या."

"थोडं थांब."

"किती? सहा वर्षं झाली."

जेवले नाहीत.

२९ ऑक्टो.

उजाडलं तेव्हा भिंतीला लाल दांड्याची कुऱ्हाड नव्हती. टोपी नव्हती. हेही नव्हते.

सोनाबाई मळ्यातून येत होती. म्हणाली, "गुरुजी दिसले. कुऱ्हाड घेऊन मारुतीच्या देवळाकडं चालले होते. दोनदा उभे राहिले दम खायाले. मी विचारलं कुठं, तर म्हणे, येतो."

देवळापासून दोन रस्ते फुटतात. डावीकडं सरपंचाची गल्ली. उजवीकडं धामणगावची वाट, घिसाड्यांची पालं अजून उठली नसतील. सरपंचाकडं गेले असतील तर सांगायला गेले. पालावर गेले असतील तर ती कुऱ्हाड मोडून टाकायला, म्हणजे गावात कोणाला काही कळायचं नाही. सोनाबाई देवळाआधीच वळली, तिला कोणती वाट ते दिसलं नाही.

मी कुडाच्या चार काठ्या उपटल्या. रस्ता दिसू लागला. मग लाकडं फोडायला घेतली. महादू बैल घेऊन समोरून गेला. थांबला, पाहिलं, पुढं चालता झाला. मी थांबले नाही.

शाळेची घंटा रोज हेच देतात, उन्हं ओट्यावर यायच्या आधी. उन्हं ओट्यावर आली तरी घंटा झालेली नाही.