उतरताना ओढायची दांडी

नारायण पेठ, पुणे
१० सप्टेंबर १९६३

ती. गोपाळमामांस,
उल्काचा शि. सा. न. वि. वि.

मी जिवंत आहे, हे आधी लिहिते. आईचं पत्र याच टपालाने निघालं आहे आणि ते वाचून तुमचा तसा समज राहणार नाही.

काल सकाळी सात वाजता मी एकटीच विमान घेऊन धायरीच्या वर होते. इंजिनाची गती कमी करून हळूहळू खाली येण्याचा सराव चालला होता. पुन्हा वर जावं म्हणून थ्रॉटल पुढे ढकलला, तर इंजिनाने ऐकूच आलं नसल्यासारखं केलं. फेऱ्यांचा काटा आपला आपण खाली, सगळं विमान थरथरतंय, मग दोनदा खोकलं आणि गप्प. मामा, इतकी शांतता आमच्या आळीत कुणी वारलं तरी नसते!

खाली एक मोकळा माळ दिसला, तिथे उतरवलं. चाकसुद्धा वाकलं नाही. माळ गेनबा नावाच्या शेतकऱ्याचा. ते काठी घेऊनच आले. आतून दोन वेण्यांची मुलगी निघालेली पाहून काठी खाली ठेवली आणि विमानाचं मालक कुठं हाय म्हणून विचारू लागले. त्यांच्या मथुराबाईंनी ताक दिलं. मी झाकण उघडून कार्बुरेटर बघत होते, तर बाईंनी त्याला हात लावून जाहीर केलं की ह्याला हीव भरलंय, अंग कसं गारढोण अन् घामेजलेलं हाय, आल्याचा काढा पाजा. सगळं गाव हसलं.

मग आमच्या फ्लाइंग क्लबची जीप आली. आमचे शिक्षक श्यामसुंदर सर यांनी पंखा एकदाच फिरवला आणि इंजिन पाहुण्यांसमोर शुभंकरोती म्हणणाऱ्या पोरासारखं सुरू झालं! धरणी दुभंगती तर बरं, असं झालं. पण मी नुकतीच तिच्यावर सुखरूप उतरले होते.

हे तिसऱ्यांदा. आधी दोनदा गचके देऊन सावरलं होतं. आणि होतं ते फक्त माझ्याच वेळी. सरांनी अहवालात लिहिलंय की इंजिन निर्दोष, हात अनिश्चित. २२ तारखेला क्लबची कमिटी बसते आहे. मला लायसन्सच्या परीक्षेला पाठवायचं की माझं नाव काढून टाकायचं, हे त्या दिवशी ठरेल. तुम्ही पंधरा वर्षं याच क्लबाची इंजिनं सांभाळलीत. तुमचा फोटो अजून हँगरमध्ये आहे, हारासकट. (हार काढायला सांगितला आहे.) काय बघू, सांगा.

आशीर्वाद नेहमी पाठवताच. या खेपेस सोबत थोडी अक्कलही पाठवावी.

आपली,
उल्का

वाई
१२ सप्टेंबर १९६३

चि. उल्कास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचं पत्र आधी मिळालं. त्यात तू आभाळातून पडलीस आणि तुझं अजून लग्न व्हायचंय, ही दोन्ही संकटं मंदाकिनीने एकाच वाक्यात बसवली आहेत. जास्त दुःख कशाचं, ते कळत नाही.

हात अनिश्चित! बंद पडलेलं विमान ज्या हाताने ताक प्यायला उतरवलं, तो जर अनिश्चित, तर तुझ्या सरांचा निश्चित हात मला एकदा बघायला हवा.

आता काम. पहिली शंका पेट्रोलात पाणी. टाकीच्या तळातून काचेच्या बाटलीत पेट्रोल काढून उजेडात धर. पाणी असेल तर खाली मण्यासारखं बसतं. दुसरी शंका कचरा. कार्बुरेटरमध्ये पेट्रोल येण्याच्या भोकाशी सुई असते, तिथे कण अडकला की इंजिन उपाशी मरतं. तिसरी शंका तरंगणारा फ्लोट. तो काढून कानाशी हलव. आत डुचमळलं तर फुटका. संभाजीला बरोबर घे. तो माझ्या हाताखाली तयार झाला आहे. बोलतो कमी, तेवढं सोडलं तर पुणेकर वाटतो. मथुराबाईंचा काढा तूर्त बाजूला ठेवू.

मी येऊन वर बसून बघावं, असं मात्र सुचवू नकोस. जन्मभर इंजिनं उघडली, पण विमानात बसून जमिनीपासून वीतभर वर गेलेलो नाही. जी वस्तू मी स्वतः जोडली आहे, तिच्यावर विश्वास ठेवण्याइतका मी खुळा नाही.

पत्रोत्तर लवकर दे, आणि उतरायचं ते धावपट्टीवर, एवढा लोभ मामावर असू दे.

तुझा,
गोपाळमामा

नारायण पेठ, पुणे
१५ सप्टेंबर १९६३

ती. मामांस,
उल्काचा शि. सा. न. वि. वि.

तिन्ही शंका फिटल्या, हीच पंचाईत. बाटलीत पाण्याचा थेंब नाही. फ्लोट डुचमळत नाही. सुई आणि सगळी भोकं संभाजींनी अशी लख्ख केली की त्या कार्बुरेटरमध्ये सत्यनारायणाचा प्रसाद ठेवावा. मग दहाच्या उन्हात इंजिन अर्धा तास चालवलं. तक्रार नाही. सरांनी घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले की आता माझंच झाकण उघडून बघायचं राहिलंय.

मी शाळेत नववीला विज्ञान शिकवते, म्हणून मला सकाळी पावणेसातची वेळ देतात. धुकं, गवतावर दव, आणि मी. बाकीची मंडळी न्याहारी करून दहानंतर उगवतात आणि त्यांचं इंजिन गाणी म्हणतं.

विमान थरथरायला लागल्यावर मी सगळं करून पाहिलं. टाकी बदलली, थ्रॉटल मागेपुढे केला. फक्त गरम हवेच्या दांडीला हात लावला नाही. ती ओढू नये अशी पाटीच आहे तिथे. पाटी मोडण्याचे संस्कार आमच्या पेठेत नाहीत.

सात दिवस उरले, मामा. मला हे सोडायचं नाही. वर गेल्यावर मी जशी असते, तशी खाली कुठेच नसते.

आपला लोभ टपालाच्या वेगाने नको, तारेच्या वेगाने यावा.

आपली,
उल्का

वाई
१७ सप्टेंबर १९६३

उल्के,

आशीर्वाद नंतर. बर्फ!

होय, पुण्यात, सप्टेंबरात, बर्फ! माठातलं पाणी गार का होतं, हे नववीला शिकवतेस ना? मग स्वतः का नापास झालीस? कार्बुरेटरच्या अरुंद गळ्यात पेट्रोलची वाफ होते, ती भोवतालची ऊब ओढून घेते, गळा गारठतो. त्यात तुझी सकाळची ओली हवा. गती कमी केलेली असली की गळा आणखी आवळलेला. हवेतलं पाणी तिथे गोठतं आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. उतरून पाच मिनिटं झाली की बर्फ वितळला! चोर पळाला, पुरावाही पळाला. दहाच्या उन्हात तुम्ही काय डोंबल शोधणार?

मथुराबाईंना माझा नमस्कार सांग. गारढोण अन् घामेजलेलं! रोगाचं निदान तुझ्या पहिल्याच पत्रात होतं आणि मी शहाणा हसून पुढे गेलो. काढासुद्धा बरोबर. एक्झॉस्टच्या नळीभोवतीची तापलेली हवा आत सोडायची, म्हणजे ती दांडी ओढायची.

आता नीट वाच. दांडी ओढल्यावर आधी सगळं आणखी बिघडेल. वितळलेलं पाणी इंजिनात जाईल, ते खोकेल, काटा अजून पडेल. तिथेच लोक घाबरून दांडी परत ढकलतात. तू ढकलायची नाहीस. वीस आकडे मोजायचे. सरांना घेऊन पावणेसातलाच वर जा, उंची भरपूर ठेव आणि त्यांच्यासमोर कर.

ओढू नये अशी पाटी लावणारा गाढव कोण, ते कमिटीने शोधावं आणि त्याला त्याच दांडीला बांधावं.

उरलेले आशीर्वाद उतरल्यावर.

मामा

नारायण पेठ, पुणे
२२ सप्टेंबर १९६३

ती. मामांस,
उल्काचा शि. सा. न. वि. वि.

उतरले! धावपट्टीवर!

सरांना बर्फाचं सांगितल्यावर त्यांनी सरबतासाठी पेला आणू का, विचारलं. ते लष्करातली मोठी विमानं चालवून आलेले. त्यांत म्हणे असली दांडी नव्हती. पण काल सकाळी आले. धुकं असं की पर्वतीचा नुसता कळस दिसत होता. तीन हजार फुटांवर मी थ्रॉटल मागे घेतला. एक मिनिट झालं, दोन झाली. काटा हलला. खाली. आणखी खाली. विमान थरथरलं.

मी दांडी ओढली. मामा, तुम्ही लिहिलं होतं अगदी तसंच झालं! इंजिन असं खोकलं की आता सुटं होऊन पडतंय. सरांनी दांडी ढकलायला हात पुढे केला. मी त्यांच्या हातावर चापट मारली आणि मोठ्याने आकडे मोजत राहिले. अकरा, बारा, तेरा. चौदाव्याला एक गचका बसला, आणि इंजिनाने गळा साफ करून पट्टीचा सूर लावला!

उतरल्यावर सर म्हणाले की वीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातावर चापट मारणारी मी पहिलीच, त्यांच्या आईंचा अपवाद. आज कमिटीत त्यांनीच जुना अहवाल फाडला. पुढच्या महिन्यात माझी परीक्षा!

पाटीचीही चौकशी झाली. बिस्किटाच्या डब्याचं झाकण आहे, त्यावर पांढऱ्या रंगाने लिहिलंय: गरम हवेची दांडी विनाकारण ओढू नये. इंजिनाची ताकद कमी होते. रंगवली कोणी, हे संभाजींना आठवत नाही. त्यांना १९४९ सालचे स्क्रूसुद्धा आठवतात, हे मी कमिटीला सांगितलं नाही. अक्षर सुरेख आहे. वळणदार. मला लहानपणापासून ओळखीचं वाटलं, पण सुंदर अक्षरं सारखीच दिसतात. पाटी काढून मी पर्समध्ये घातली आहे. कुणाला बांधायचं, हा विषय संपला.

तुमचा लोभ होता तसाच राहू द्या. तो वाढला तर मला पेलणार नाही.

आपली,
उल्का

वाई
२४ सप्टेंबर १९६३

चि. उल्कास,
उरलेले सगळे आशीर्वाद.

पर्स उघड. गाढव मी.

१९५५ साली एक पायलट दांडी ओढलेली ठेवूनच वर निघाला आणि धावपट्टीच्या टोकाच्या बाभळींना चाटून गेला. मी रागारागाने त्याच दिवशी पाटी रंगवली. वाक्यं तीन होती. तिसरं होतं: उतरताना मात्र न विसरता ओढावी. झाकण लहान, दोन वाक्यांतच भरलं. दुसरं झाकण आणायचं तर बिस्किटं संपायला हवीत. म्हटलं, उतरताना ओढायची हे तर सगळ्यांना पाठच आहे. पाठ असलेली माणसं निवृत्त झाली. पाटी तिथेच राहिली. आणि तिने माझ्याच भाचीला धायरीच्या माळावर उतरवलं.

तू आणि संभाजीने मला झाकलंत. पण झाकणामुळेच एवढं झालं, आता आणखी झाकण नको. कमिटीला माझ्या नावानिशी कबुली पाठवली आहे. उघड्या कार्डावर, म्हणजे वाटेत पोस्टमननेही वाचावी. फोटोचा हार परत घालायचा की फोटोच उतरवायचा, ते त्यांनी ठरवावं.

परीक्षा झाली की मी येतो. स्वारगेटला घ्यायला ये. बरोबर नवा पत्रा आहे, हातभर लांब, तिन्ही वाक्यांचा. विमानात मावणार नाही अशी माझी खात्री आहे, तरी आणतो. मंदाकिनीला एवढ्यात काही सांगू नकोस, पण तुला लायसन्स मिळालं की तुझ्या शेजारच्या जागेवर पहिला हक्क माझा. सकाळी पावणेसातला. धुकं असलं तर उत्तमच.

मी डोळे मिटून बसेन. तू फक्त खाली यायला लागलीस की सांग. दांडी मी ओढणार.

तुझा,
गोपाळमामा